पिंपांच्या नोंदवहीचा उतारा

माझे वडील पंधरा वर्षं दारूच्या कारखान्यात नोकरीला होते आणि त्यांनी दारूचा एक घोटही कधी पोटात जाऊ दिला नाही. थेंबभर जिभेवर घ्यायचे, टाळूला लावायचे आणि चूळ भरून थुंकून टाकायचे. खरं काम नाकाचं होतं. त्या नाकासाठी ते कांदा-लसूण खात नसत, तपकिरीला शिवत नसत, आणि सणासुदीलाही आईला त्यांच्या खोलीत उदबत्ती नेता येत नसे. आम्ही सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. गल्लीत कुणी विचारलं तर आई म्हणायची, "कारखान्यात केमिस्ट आहेत." सांगलीत कारखाना म्हटलं की लोक साखरेचाच समजत. आई तो समज दुरुस्त करत नसे.

कारखाना गावाबाहेर नदीच्या अंगाला होता. मालक विलायतेत, ऑफिस मुंबईत, आणि काम करणारे सगळे आमच्याकडचे. साखर कारखान्यातून मळीचे टँकर यायचे, मळी आंबवायची, गाळायची, की पाण्यासारखा स्वच्छ अर्क निघायचा. त्या अर्काची रम करायची ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. लाकडी पिंपांत अर्क भरून तो तीन-तीन, चार-चार वर्षं ठेवायचा, मधूनमधून हुंगायचा, कुठलं पिंप कुठल्यात मिसळायचं ते ठरवायचं. त्यांच्या काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक पिंपाचा क्रमांक होता, भरल्याची तारीख होती आणि पुढे वासाची नोंद. 'ओल्या करवंटीचा.' 'जुन्या पुस्तकाचा, चांगला.' 'बुरसट, पावसाळ्यानंतर पुन्हा बघणे.' मी कॉलेजात असताना ती वही चाळायचे आणि मला हसू यायचं. अण्णा म्हणायचे, "हसू नकोस. यातला एक शब्द चुकला तर हजार बाटल्या चुकतात."

बाटलीच्या लेबलावर शिडाचं जहाज होतं आणि विलायतेतल्या कुठल्याशा बंदराचं नाव. अण्णांनी ते बंदर पाहिलं नव्हतं. त्या बंदरातल्या लोकांनी उसाचं कांडं तरी पाहिलं असेल की नाही, देव जाणे. पण त्या नावाला आमच्या भागात मान होता. कोरेगाव, खटाव, माणमधले फौजी सुट्टीवर येताना मिलिटरी कँटीनमधून तीच बाटली ट्रंकेत घालून आणायचे. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी स्वतः माजी फौजी होता. तो अण्णांना रोज सलाम करायचा तो केवळ त्या रमसाठी.

मग परदेशी कंपन्यांसाठी नवा कायदा आला. इथल्या धंद्यातला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणा, नाहीतर चालते व्हा, असा त्याचा साधा अर्थ. आमच्या विलायतेतल्या मालकांनी हिस्सा कमी केला. जमीन, यंत्रं, पिंपं नव्या देशी भागीदारांकडे गेली. नाव मात्र त्यांनी सोडलं नाही. नाव विलायतेतच राहिलं आणि प्रत्येक खोक्यामागे त्याचं भाडं तिकडे जायचं. कागदावर त्याला 'तांत्रिक सल्ला' म्हणत. अण्णा जेवताना म्हणाले होते, "ऊस आपला, पाणी कृष्णेचं, पिंपं आपल्या सुतारानं बांधलेली. त्यांचा सल्ला मला तर कधी आला नाही."

नाव सांभाळायला मुंबईहून एक मॅनेजर आला. मराठी माणूस, पण आमच्याशीही इंग्रजीत बोलायचा. आल्यावर महिन्याभरात त्यानं अण्णांना बोलावलं आणि सांगितलं की पिंपांत माल अडकवून ठेवणं आता परवडणार नाही. ताज्या अर्कात जळक्या साखरेचा रंग घाला, डब्यातला वास घाला आणि भरा बाटल्या.

"मग ती रम होणार नाही," अण्णा म्हणाले.

"आपली व्हिस्की तरी कुठं धान्याची असते? तीही मळीचीच. लोक पितातच ना?"

"व्हिस्कीचं मला विचारू नका. रमचं मी सांगतो. रम कशाला म्हणायचं हे ठरलेलं आहे."

"कुणी ठरवलं? लेबलावर आम्ही रम लिहितो म्हणून ती रम. नाव आमचं आहे."

हे संभाषण अण्णांनी आम्हाला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, म्हणून ते मला शब्दशः आठवतं. डब्यातला वास घातलेल्या मालाच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. आठवडाभर कागद टेबलावर पडून राहिला.

अण्णा रोज संध्याकाळी घरी येताना औषधाच्या बाटल्यांएवढ्या दोन बाटल्या पिशवीतून आणायचे. कारखान्यात मळीच्या घमघमाटात नाक बधिर होतं, म्हणून सकाळी आंघोळ झाल्यावर ताज्या नाकानं ते नमुने हुंगायचे. ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची. सगळ्यांना ठाऊक होती. तो आठवडा संपला त्या संध्याकाळी फाटकावर मॅनेजर स्वतः उभा होता, बरोबर पोलीस होते. पिशवी उघडली. परवान्याशिवाय दारू बाळगली आणि कंपनीचा माल चोरला, असे दोन आरोप एका दमात लागले. सलाम करणारा पहारेकरी बाजूला तोंड करून उभा होता, असं अण्णांनी नंतर सांगितलं.

मी आणि आई चौकीत गेलो तेव्हा ते बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. आईला पाहून त्यांनी मान खाली घातली. मला म्हणाले, "वही टेबलावर राहिली गं. कुणी आणली का?"

वही कुणी आणली नाही. ती कंपनीची मालमत्ता ठरली. नोकरी गेली. सांगलीच्या एका वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, नावानिशी. साखरेच्या कारखान्यातले केमिस्ट दारू चोरताना सापडले, अशी ती गल्लीत वाचली गेली. घरमालकांनी तिसऱ्या दिवशी जागा लागणार असल्याचं सांगितलं. माझं लग्न वाईच्या एका घरात ठरलं होतं. त्यांचं पोस्टकार्ड आलं: पत्रिका पुन्हा पाहिली, जमत नाही. पाकीट सुद्धा नाही. पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमनलाही वाचता यावं.

आम्ही साताऱ्याला मामाकडे आलो. खटल्याच्या तारखांना अण्णा एसटीनं सांगलीला जायचे, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. दीड वर्षानं ते सुटले, कारण मुख्य साक्षीदार, म्हणजे तो मॅनेजर, एकदाही आला नाही. सुटल्याची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात आली नाही. तोवर अण्णा घरात गप्प गप्प झाले होते. आई फोडणी द्यायची तेव्हा ते पूर्वी ओट्यापासून लांब जायचे. आता तिथंच बसून राहायचे. नाक जपायचं कारण उरलं नव्हतं.

मी कारकुनाची परीक्षा दिली आणि पास झाले. कुठलं खातं हवं असं विचारलं तेव्हा मी दारूबंदी आणि उत्पादन शुल्काचं मागून घेतलं. आईनं कपाळाला हात लावला. "सगळी खाती सोडून हेच मिळालं तुला?"

"मिळालं नाही. मागितलं."

मला त्या मॅनेजरचं आणि लेबलावरच्या त्या नावाचं वाईट करायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं. न्याय वगैरे शब्द मी मनात आणले नाहीत, आजही आणत नाही. डबा खाऊन झाला की इतर बायका विणकाम काढायच्या आणि मी जुनी परिपत्रकं काढायचे. परवाना कशाला लागतो, लेबल कोण मंजूर करतं, कुठली नोंद कुठल्या वहीत होते, हे मी असं पाठ केलं की हेडक्लार्कही मला विचारू लागले. अशी चार वर्षं गेली.

मग एक दिवस ती फाइल माझ्या टेबलावर आली. कंपनीला कोरेगाव रस्त्याला बाटल्या भरण्याचा नवा कारखाना काढायचा होता. त्यासाठी साताऱ्याच्या आमच्या ऑफिसचा अहवाल हवा होता. सोबत लेबलाचा नमुना होता. तेच जहाज, तेच बंदर, कोपऱ्यात पिंपाचं चित्र, आणि खाली सोनेरी अक्षरांत: लाकडी पिंपांत मुरवलेली. अर्जाखाली त्याच मॅनेजरची सही होती. मी फाइल बंद केली, बाहेर जाऊन पाणी प्याले आणि परत येऊन ती पहिल्या पानापासून वाचली.

आमचे एक इन्स्पेक्टर होते, म्हसवडकडचे, फौजेतून निवृत्त होऊन खात्यात आलेले. सोबत आलेली नमुन्याची बाटली त्यांच्याकडे तपासणीला होती. त्यांनी ती उघडली, हुंगली आणि मला हाक मारली.

"बाई, ह्यो वास बघा."

"मला त्यातलं कळत नाही, साहेब."

"मला कळतंय. बर्फात आमी हीच प्यालोय. तवा छातीत ऊब बसायची. ही नुसती जाळत जाती. नाव त्येच हाय, जहाज त्येच हाय, माल त्यो न्हाई."

"मुरवलेली असं लिहिलंय त्यांनी."

"लिवलंय व्हय. पर बघायचं कसं?"

त्या क्षणाची मी चार वर्षं वाट पाहत होते. मी शांतपणे सांगितलं की मुरायला ठेवलेला माल सरकारी कुलपात असतो, त्या कुलपाची एक किल्ली आपल्या खात्याकडे असते, आणि किती पिंपं भरली, किती रिकामी झाली, हवेत उडून किती तूट आली, याची नोंदवही सांगलीला असते. मग मी टिपणीत एक ओळ लिहिली: 'अहवाल देण्यापूर्वी पिंपांच्या नोंदवहीचा उतारा मागवावा.' अधीक्षकांनी खाली सही केली. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण काही वावगं नव्हतंच.

माझे वडील कोण होते, हे मी अधीक्षकांना सांगायला हवं होतं आणि फाइल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. मी सांगितलं नाही. इन्स्पेक्टरांना मात्र सांगितलं. ते म्हणाले, "आसू द्या. वही खोटं बोलत न्हाई. तुमी बोलू नका म्हंजी झालं."

उतारा येण्याआधी मॅनेजरच आला. सांगलीतून कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, तो थेट माझ्या टेबलापाशी आला. अंगानं सुटला होता. मी त्याला बसा म्हटलं नाही.

"ही टिपणी तुम्ही लिहिली ना? जुन्या वह्या सापडत नाहीत हो. उगाच सहा महिने जातील. एवढी ओळ गाळली तर बरं होईल. तुमचंही काही काम असेल तर सांगा."

"माझं काम आहे," मी म्हटलं आणि वडिलांचं नाव सांगितलं.

त्याला ते लगेच आठवलं. तो न विचारता समोरच्या खुर्चीत बसला. "ते वरून आलं होतं," तो म्हणाला. "मी काय करणार? नोकर माणूस."

"वरून आलं असेल. फाटकावर तुम्ही होता."

मग मी सांगितलं की मला दोन गोष्टी हव्यात. वडिलांची वही, आणि त्यांनी चोरी केली नव्हती असं कंपनीच्या कागदावर पत्र. टिपणीचं काय, असं त्यानं विचारलं. "आधी वही आणा," एवढंच मी म्हटलं. त्याला त्यातून हवा तो अर्थ काढू दिला.

आठ दिवसांनी तो वही आणि कोरा छापील कागद घेऊन आला. त्यानं मजकूर सांगितला, मी टाइप केला: नमुने बाहेर नेण्यास कंपनीची संमती होती, झाला प्रकार गैरसमजातून घडला. शेवटी मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं. 'सोबतची वही ही त्यांच्या कार्यकाळातील कंपनीच्या सर्व पिंपांची खरी व संपूर्ण नोंद असून ती त्यांस परत करण्यात येत आहे.' त्यानं ते वाचलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून घातलंय. त्यानं सही केली, शिक्का मारला आणि विचारलं, "मग ती ओळ?"

"ती अधीक्षकांच्या सहीनं गेली आहे. मला गाळता येत नाही."

त्यानं पत्रासाठी टेबलावर हात फिरवला, पण ते मी केव्हाच पिशवीत टाकलं होतं. त्याचा तो रिकामा हात पाहून मला बरं वाटलं.

उतारा आला, तो फक्त अण्णांची नोकरी गेल्यानंतरचा; त्याआधीच्या वह्या सापडल्या नाहीत. त्यात पहिल्या महिन्यापासून एकही पिंप भरलं गेलं नव्हतं. जवळजवळ सहा वर्षं कोरी पानं. कंपनीनं खुलासा केला की जुना मुरलेला साठा भरपूर आहे, तोच आम्ही थोडा थोडा मिसळतो. हे होणार याची मला कल्पना होती. जुना साठा किती होता, ते अण्णांच्या वहीत होतं.

पण वही आता अण्णांकडे होती. चार दिवस ते ती मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि वही फाइलला लावावी लागेल, परत मिळेलच असं नाही, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "नाव बुडेल त्यांचं."

"बुडू दे."

"त्या नावाखाली पंधरा वर्षं माझी रम होती. लोक नाव घेऊन मागायचे, आत काय आहे ते मला ठाऊक असायचं. ते नाव मी सांभाळलेलं आहे, त्यांनी नव्हे."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही नको म्हणालात तर नेत नाही." ते मी खरं बोलले की नाही, आज सांगता येत नाही. त्यांनी वही उघडली, मागून चार पानं मोजली आणि बोट ठेवलं. "शिलकीचा हिशोब इथे आहे. हेच पान त्यांना दाखव. बाकीच्यावर वेळ घालवतील."

त्या पानाप्रमाणे शिलकी साठा सगळाच्या सगळा मिसळला असता तरी वर्षभरसुद्धा पुरला नसता. आणि ती नोंद खरी व संपूर्ण आहे, असं कंपनीच्याच कागदावर, मॅनेजरच्याच सहीनं लिहिलेलं होतं. इन्स्पेक्टरांनी अहवाल लिहिला. मुंबईहून हुकूम आला. लेबल नामंजूर झालं, 'मुरवलेली' हा शब्द गाळावा लागला, पिंपाचं चित्रही वगळावं लागलं. चौकशी झाली तशी कँटीनची मागणीही थांबली. फौजींनी सोडली म्हटल्यावर दुकानांतूनही ती उठली. विलायतेला जाणारं नावाचं भाडं आटलं आणि दोन वर्षांनी मालकांनी ते नाव इथून काढून घेतलं. मॅनेजरला त्याआधीच घरी बसवलं होतं. पुढे तो पुण्यात कुणाच्या तरी दुकानात हिशोब लिहितो असं कळलं. ते ऐकून मी त्या दिवशी घरी शिरा केला.

सगळंच गोड झालं नाही. कोरेगाव रस्त्याचा कारखाना निघालाच नाही. आमच्या ऑफिसचा शिपाई एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बाई, माजा भाऊ लागणार हुता तितं. नाव दिलं हुतं." मी मान हलवली. वहीही परत आली नाही. मी तीन वेळा लेखी मागितली. फाइल मुंबईला आहे, असं उत्तर यायचं. अण्णांनी तिच्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. फक्त एकदा, पिंपांचं काय झालं म्हणाले. विकली, बहुतेक फर्निचरवाल्यांना, असं मी सांगितलं. "लाकूड चांगलं होतं," ते म्हणाले.

फाइलला पत्राची नक्कल लावली होती, मूळ पत्र मात्र माझ्याकडे होतं. त्याच्या मी दहा प्रती टाइप केल्या, खाली साक्षांकित करून घेतल्या आणि रविवारी सांगलीला निघाले. अण्णांना चला म्हटलं. ते म्हणाले, "मी सांगलीला येणार नाही. तूही जाऊ नकोस." मी गेले. जुन्या गल्लीत घरोघरी गेले, प्रत्येक दारात उभी राहिले, आणि कागद हातात देऊन समोर वाचायला लावला. कुणी चष्मा शोधायला आत गेलं तर थांबले. घरमालकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आम्हाला वाटलंच होतं. तसा माणूस नव्हता तो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

ते कागदाची घडी घालत राहिले. त्यांच्या बायकोनं चहा टाकते म्हटलं. मी नको म्हटलं. ज्या वर्तमानपत्रानं दोन ओळी छापल्या होत्या, तिथं शेवटची प्रत दिली. संपादकांनी ती टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवली. मी सांगितलं की पुढच्या रविवारी परत येईन, आणि छापून येईपर्यंत दर रविवारी येईन. पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात आतल्या पानावर तीन ओळी आल्या, नावानिशी.

त्या पहिल्या रविवारी साताऱ्याला परत येताना गाडी पेठ नाक्यावर थांबली. खाली उतरून मी उसाचा रस घेतला, आलं-लिंबू घातलेला. एक ग्लास संपल्यावर दुसरा मागितला. कंडक्टरनं घंटी वाजवली, तरी तो उभ्यानं, सावकाश, शेवटपर्यंत प्याले.